गाडीतला पाट: सीमाभागातील घराघरांत बूस्टर सीट कशी पोहोचवावी

खानापूर तालुक्यातील एका अंगणवाडी पर्यवेक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: त्यांच्या महिला मंडळाने चारचाकी असलेल्या घरांत मुलांच्या बूस्टर सीटविषयी, म्हणजे गाडीत मुलाला उंच बसवणाऱ्या आसनाविषयी, पत्रके वाटली, शाळेच्या स्नेहसंमेलनात एक भाषणही ठेवले, पण वर्ष उलटले तरी दोन-तीन घरांपलीकडे कोणी सीट घेतली नाही. एकाच गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू आणि कोकणी बोलणारी घरे आहेत. अशा वस्तीत सर्वांना पटेल असे काम कोठून सुरू करावे?

मी बेळगावात बालरोगतज्ज्ञ म्हणून वीस वर्षांहून अधिक काळ काम करतो आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक काळ शाळा, महिला मंडळे, मठ, मशिदी आणि चर्च यांच्या आवारात मुलांच्या गाडीतील सुरक्षिततेविषयी बोलत आलो आहे. आपल्या प्रयत्नाला यश आले नाही याचे मला आश्चर्य वाटत नाही, कारण आमचीही सुरुवात अशीच पत्रकांनी झाली होती. पालकांकडे माहिती कमी असते हे खरे, पण गाडे अडते ते दुसऱ्याच ठिकाणी: आपल्या स्वतःच्या गाडीत, आपल्या मुलाच्या अंगावर पट्टा नेमका कुठे बसतो, हे त्यांना कोणी कधी दाखवलेले नसते. ते एकदा त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि हाताने चाचपून घेतले की पुढचे बोलणे सोपे होते, मग ते कोणत्याही भाषेत असो. माझे सारे उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

बूस्टर सीट नेमके काय करते, हे आधी आपल्या कार्यकर्त्यांना न अडखळता सांगता आले पाहिजे. गाडीतील तीन टोकांचा पट्टा प्रौढ माणसाच्या हाडांवर बेतलेला असतो. त्याचा खालचा भाग कमरेच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या हाडांवर, म्हणजे आपण साडीच्या निऱ्या जिथे खोचतो त्याच्याही खाली, मांडीच्या मुळाशी बसावा लागतो. आणि वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून छातीवर उतरावा लागतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाची कमरेची ती हाडे पुरेशी वाढलेली नसतात. शिवाय पाय आखूड असल्यामुळे गुडघे वाकवता यावेत म्हणून मूल सीटच्या कडेपर्यंत पुढे सरकते, पाठ टेकलेली राहत नाही आणि पट्टा आपोआप पोटावर चढतो. गाडी आदळली की शरीराचा सारा भार पोटाच्या मऊ भागावर आणि त्यामागच्या कण्यावर येतो; आतडे फाटणे आणि कमरेचा मणका मोडणे ही एकत्र येणारी दुखापत बालशल्यचिकित्सकांच्या चांगल्या परिचयाची आहे. वरचा पट्टा गळ्याला घासतो म्हणून मूल तो काखेखाली घेते किंवा पाठीमागे टाकते, आणि मग छातीला काहीच आधार उरत नाही. बूस्टर सीट मुलाला काही इंच उंच करते, तिच्या बाजूच्या खोबणी पट्ट्याला मांडीवर धरून ठेवतात आणि गुडघे कडेवरून नीट वाकल्यामुळे मूल पुढे घसरत नाही. सीट स्वतः मुलाला धरत नाही. गाडीचा पट्टा योग्य हाडांवर आणण्याचे काम ती करते. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ४ ते ८ वर्षांच्या मुलांची तुलना केली होती. नुसता पट्टा लावलेल्यांपेक्षा बूस्टरवर बसलेल्यांना दुखापत होण्याची शक्यता ४५ टक्क्यांनी कमी आढळली.

'पट्टा तर लावतो, मग आणखी काय हवे?' असे विचारणाऱ्या सुशिक्षित पालकांना मी अँटन स्कीन या मुलाची हकिकत सांगतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १९९६ साली झालेल्या अपघातात हा चार वर्षांचा मुलगा पट्टा लावलेला असतानाही गाडीबाहेर फेकला गेला आणि दगावला, कारण तो पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा होता. त्याच्या आईने त्यानंतर केलेल्या पाठपुराव्यामुळे २००० साली त्या राज्याने बूस्टर सीटचा कायदा केला, तो अमेरिकेतील असा पहिला कायदा होता, आणि २००२ साली त्याच मुलाच्या नावाने तेथील केंद्रीय कायदाही झाला. ही हकिकत मी कोणाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. त्या आईने नियमाप्रमाणे पट्टा लावला होता, तिची काही चूक नव्हती, आणि नेमकी हीच स्थिती आज आपल्याकडच्या काळजी घेणाऱ्या पालकांची आहे.

आता वयाविषयी, कारण येथे आपल्या पत्रकात एक गंभीर त्रुटी असण्याची शक्यता आहे. परदेशी साहित्यातून 'चार वर्षांनंतर बूस्टर' हे वाक्य जसेच्या तसे उचलले जाते. बूस्टर सीट किमान १५ किलो वजनाच्या मुलासाठी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात चार वर्षांच्या मुलाचे मध्यम वजन १६ किलोच्या आसपास आहे, पण आपल्या अंगणवाड्यांत पाचवे वर्ष लागूनही १३-१४ किलोंवर असलेली मुले आपण रोज पाहता. अशा मुलाला बूस्टरवर बसवणे घाईचे ठरते. त्याला खांदे, कंबर आणि पायांमध्ये मिळून पाच ठिकाणी धरणारी स्वतःच्या पट्ट्याची सीटच हवी. म्हणून पत्रकातले वय खोडून वजन आणि उंची लिहावी. वजनाची नोंद आपल्या वहीत आधीच असते, आणि ही सोय शहरातल्या कोणत्याही मोठ्या संस्थेकडे नाही. वरची मर्यादाही वयाने ठरत नाही. उंची साधारण १४५ सेंटिमीटर, म्हणजे चार फूट नऊ इंच होईपर्यंत बूस्टर लागते, आणि बहुतेक मुले तेथे पोहोचेपर्यंत दहा ते बारा वर्षांची होतात. शाळेच्या भिंतीवर त्या उंचीवर एक ठळक रेघ ओढून ठेवावी. तिच्याखाली उभे राहणारे प्रत्येक मूल आणि त्याला न्यायला आलेला प्रत्येक पालक ती रोज पाहतो.

रेघ पार केलेल्या मुलाचीही गाडीत बसवून परीक्षा घ्यावी. पाठ पूर्ण टेकलेली असताना गुडघे कडेवरून वाकतात का, खालचा पट्टा मांडीवर आहे का, वरचा खांद्याच्या मध्यावर आहे का, आणि सारा प्रवास मूल तसेच बसून राहू शकते का, एवढे पाहायचे. यातील एकही गोष्ट जमत नसेल तर बूस्टर काढू नये.

शब्दाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या कामात मला सर्वांत उशिरा सुचलेली आणि सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट तीच आहे. 'बूस्टर' म्हटले की आपल्याकडच्या बायका लसीचा विचार करतात, आणि त्यांचे बरोबरच आहे: पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान मुलाला डीपीटीचा बूस्टर डोस असतो, आणि कोविडच्या काळात तर तो शब्द घरोघर पोहोचला. एका आजींनी माझे सारे बोलणे ऐकून घेऊन शेवटी 'ते इंजेक्शन दिलंय हो डॉक्टर' असे सांगितले, तेव्हा माझ्या लक्षात आले की अर्धा तास आम्ही दोघे दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलत होतो. तेव्हापासून मी 'गाडीतला पाट' म्हणतो. वाढदिवसाला मुलाला ओवाळायचे असते तेव्हा आपण त्याला जमिनीवर बसवत नाही, पाटावर बसवतो. तसाच गाडीतही त्याचा पाट असावा, हे कोणत्याही आजीला समजावून सांगावे लागत नाही. कन्नड घरात त्यालाच 'मणे' म्हणतात, दखनी उर्दू बोलणाऱ्या घरात 'चौकी' म्हटले की काम होते. सात-आठ वर्षांच्या मुलांनाही हा शब्द चालतो, कारण 'बेबी सीट' हे नाव ऐकून ती हमखास बिथरतात. आपण मोठे झालो आहोत हे त्यांना जगाला दाखवायचे असते, आणि पाट हा तर मानाचा.

लसीच्या गोंधळाचा उपयोगही करून घेता येतो. मूल पाचव्या वर्षीच्या डोससाठी येते तेव्हा त्याचे वजन होते, आई बरोबर असते, पुष्कळदा आजीही असते, आणि नेमके त्याच सुमारास मूल छोटी सीट सोडून बूस्टरच्या मापात येत असते. 'एक बूस्टर दंडात दिला, दुसरा गाडीत द्यायचा आहे' हे वाक्य माझ्या दवाखान्यात आता नेमाने बोलले जाते. आपल्या आरोग्य केंद्रातील परिचारिका आणि आशा कार्यकर्ती यांना एवढे एक वाक्य जरी दिले, तरी वर्षभरात एका पंचायतीतील जवळजवळ प्रत्येक घर गाठता येते.

भाषेचा प्रश्न आपण विचारला आहे. सीमाभागातील माणसाला दोन-तीन भाषा ऐकून कळतात, पण वाचता येते बहुधा एकच, आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांना पुष्कळदा तीही नाही. शिवाय येथे कागदावर कोणती भाषा आहे यावरून तो कागद कोणाचा हे ठरते. एका भाषेत छापलेले पत्रक दुसऱ्या भाषेच्या घरात 'ते त्यांचे आहे' म्हणून बाजूला पडते, आणि सगळ्या भाषा एका पानावर कोंबल्या तर कोणती वर आणि कोणती खाली याचीच चर्चा होते. म्हणून छापील मजकूर शक्य तितका कमी ठेवावा. पट्टा पोटावर असलेले एक चित्र आणि मांडीवर असलेले दुसरे चित्र पुरेसे आहे. त्यासोबत बोलायचे वाक्य मात्र प्रत्येक घराच्या बोलीत तोंडपाठ असावे: 'पट्टा पोटावर नको, मांडीवर हवा', 'होट्टे मेले बेड, तोडे मेले इरली', 'पेट पे नको, रान पे रहना'. आपल्या इथल्या दखनीत आणि मराठीत 'नको' एकच आहे, ही आपल्या मातीची देणगी समजावी. वाक्य बोलताना कार्यकर्तीने आपला तळहात स्वतःच्या पोटावर आणि मग मांडीवर ठेवून दाखवावा, म्हणजे भाषा न कळणाऱ्यालाही अर्थ पोहोचतो.

हे वाक्य कोणी बोलायचे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. माझ्यासारख्या शहरातल्या डॉक्टरने गावात येऊन सांगितले तर माना डोलतात आणि घरी गेल्यावर काही होत नाही. तेच त्याच गल्लीतल्या, स्वतःच्या नातवाला पाटावर बसवणाऱ्या बाईने सांगितले तर शेजारी तिच्या गाडीत डोकावून पाहतात. प्रत्येक समाजातून अशी दोन-तीन घरे आधी तयार करावीत आणि त्यांच्याकडूनच पुढचे काम करून घ्यावे. हळदीकुंकू, जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीबाहेरची दहा मिनिटे, रविवारच्या मिस्सानंतर चर्चचे अंगण, मठातील पौर्णिमेची गर्दी, अशा ठिकाणी भाषण ठेवू नये. एक गाडी दार उघडून उभी करावी, त्यात सीट ठेवावी आणि येणाऱ्या मुलांना बसवून पाहावे. मौलवी, फादर किंवा स्वामीजी यांनी आपल्या तोंडून दोन शब्द सांगितले तर फार बळ मिळते, पण त्यांना आधी स्वतः पट्टा चाचपून पाहू द्यावा. 'सारे देवाच्या हाती' असे म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालण्याचा प्रसंग मग क्वचितच येतो, कारण त्याच्याच धर्मगुरूने आपल्या नातेवाइकांच्या मुलाला पाटावर बसवलेले त्याने पाहिलेले असते.

घरात निर्णय कोण घेते, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. सीट विकत घेण्याचा निर्णय बहुधा वडील किंवा आजोबा घेतात, पण मूल कुठे बसेल हे आजी किंवा आई ठरवते, आणि आपण भाषण मात्र शाळेत आलेल्या वडिलांसमोर करतो. आजीच्या मनात मांडी ही जगातली सर्वांत सुरक्षित जागा असते. तिचे हे म्हणणे प्रेमातून आलेले आहे आणि एरवी सर्व ठिकाणी खरेही आहे, म्हणून ते खोडून काढताना फार जपावे लागते. मी आजींना मांडीवर १५ किलो तांदळाची पिशवी घेऊन बसायला सांगतो आणि विचारतो, ही किती वेळ धरता येईल? मग सांगतो की ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी आदळून थांबली तर हेच वजन क्षणभर साडेतीनशे किलोंहून अधिक जोराने पुढे ओढले जाते. तेवढ्या क्षणी हात उघडतात ते प्रेम कमी पडले म्हणून नाही, माणसाच्या हातात तेवढे बळच नसते. त्याच वेगाचा मार दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो, हे वडिलांना सांगावे. त्यांना आकडा लवकर पटतो. यानंतर आजींना एक काम सोपवावे: गाडी सुरू होण्यापूर्वी नातवाचा पट्टा मांडीवर आहे का हे हाताने पाहून 'हं, आता निघा' असे त्यांनीच म्हणायचे. मांडी काढून घेतल्याची भावना या कामामुळे पुष्कळ कमी होते, आणि मुलाने रडून सीट सोडवून घेण्याचा मार्गही बंद होतो, कारण तो मार्ग आजीकडूनच जात असतो.

रक्ताळलेली छायाचित्रे दाखवू नयेत असे माझे ठाम मत आहे. आम्ही एकदा दाखवली होती. बायकांनी पदर डोळ्यांना लावला, मुले घाबरली आणि त्या सभेतून एकही घर पुढे आले नाही.

'जवळच तर जायचे आहे' हे कारण सर्व भाषांत सारखे ऐकू येते. बेळगाव ते खानापूर हे अंतर तासाभराच्या आतले आहे, शहापूरहून टिळकवाडीला जायला पाच-दहा मिनिटे लागतात, आणि एवढ्यासाठी कशाला, असे वाटते. त्याउलट लांबच्या प्रवासाला, म्हणजे तवंदी घाट उतरून कोल्हापूरला, चोर्ल्याच्या वळणांतून गोव्याला किंवा सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला जाताना, गाडीत इतकी माणसे असतात की सीटला जागाच उरत नाही. दोन्ही प्रसंग वेगळे हाताळावे लागतात. जवळच्या प्रवासासाठी सवयीवर भर द्यावा: सीट गाडीतून काढायचीच नाही, आणि मूल बसलेले नसेल तेव्हाही तिला पट्टा लावून ठेवायचा, नाहीतर धडकेत ती रिकामी सीटच कोणाच्या तरी डोक्यावर येते. लांबच्या प्रवासासाठी मात्र आदल्या दिवशी माणसे मोजण्याचा आग्रह धरावा. पाच जणांच्या गाडीत आठ जण निघाले असतील, तर कोणतीही सीट त्या मुलाला वाचवू शकणार नाही, हे कुटुंबाला स्पष्ट शब्दांत सांगणे आपले कर्तव्य आहे.

काही गाड्यांत बूस्टर लावताच येत नाही, आणि हे आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक नसेल तर चांगल्या हेतूने नुकसान होईल. बूस्टरला खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा तीन टोकांचा पट्टा लागतो. जुन्या व्हॅनमध्ये, वडापच्या जीपमध्ये आणि कित्येक गाड्यांच्या मागच्या मधल्या जागेत फक्त कमरेचा पट्टा असतो किंवा काहीच नसते. तेथे बूस्टर ठेवू नये. मुलाची जागा मागे, खिडकीकडच्या बाजूला असावी. पुढच्या सीटची एअरबॅग मोठ्या माणसाच्या छातीच्या हिशेबाने उघडते, म्हणून तेरा वर्षांखालील मुलाने मागेच बसावे. उशी, घडी घातलेली गोधडी किंवा लाकडी पाट ठेवून उंची वाढवण्याचा मोह अनेकांना होतो, आणि मी 'पाट' हा शब्द वापरू लागल्यावर ही शंका मला दोन-तीनदा विचारलीही गेली आहे. उशी धडकेत दबते आणि घसरते, पट्टा सैल पडून पोटावर चढतो. लाकडी पाट तर सरळ निसटतो. मान्यतेची खूण असलेली सीटच हवी. भारतात तिच्यासाठी 'एआयएस ०७२' हे मानक आहे, आणि युरोपीय मान्यतेची चिठ्ठी असलेल्या सीटही बाजारात मिळतात. पाठ असलेली की नसलेली, असा प्रश्न आला तर मी पाठ असलेली सांगतो: झोपलेल्या मुलाचे डोके ती सावरते आणि खांद्याच्या पट्ट्याला वाट करून देते. युरोपीय नियमांत २०१७ पासून नव्याने मान्यता मिळणाऱ्या पाठ नसलेल्या सीट १२५ सेंटिमीटर आणि २२ किलोंवरील मुलांपुरत्याच ठेवल्या आहेत.

पैशाचा विचार आता करू, कारण तो टाळून पुढे जाता येत नाही. वडगाव-खासबागमधील हातमाग-यंत्रमागाच्या घरात किंवा निपाणीतील विडी वळणाऱ्या बाईच्या घरात जुनी गाडी असू शकते, कारण ती भाड्याने फिरवून पोट भरायचे असते. म्हणून गाडी आहे म्हणजे सीटचे पैसे आहेत असे समजू नये. बूस्टर सीटविषयीचे संशोधन एकत्र तपासणारा कॉक्रन संस्थेचा आढावा २००६ साली आला. सीट हातात देणे आणि ती कशी वापरायची हे शिकवणे या दोन गोष्टी एकत्र केल्या तेव्हा सर्वांत चांगला परिणाम झाला, असे त्यात दिसले. सिएटल परिसरात राबवलेल्या एका मोहिमेत सवलतीची कुपने, दवाखान्यांतून सल्ला आणि वस्तीतील प्रचार असे सारे एकत्र केले होते; पंधरा महिन्यांत बूस्टरचा वापर सुमारे १३ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेला. मी हे आकडे मुद्दाम देतो आहे. पैसा आणि कार्यकर्ते सारे असूनही तेथे चारपैकी तीन मुले तशीच राहिली, तेव्हा आपल्या मंडळाने पहिल्या वर्षी दोन-तीन घरे मिळवली याने खचून जाण्याचे कारण नाही.

आपल्याकडे कुपनाची जागा भिशी आणि स्त्रीशक्ती गट घेऊ शकतात. दहा बायकांच्या भिशीत दर महिन्याला एका घराला सीट, असा हिशेब आमच्या एका वस्तीत चांगला चालला, आणि त्यात मराठी, कन्नड, उर्दू असा भेद आपोआप गळून पडला. दुसरी सोय म्हणजे सीट फिरती ठेवणे. पाळणा जसा एका घरातून दुसऱ्या घरात जातो, तशी सीटही जाऊ शकते, फक्त तिच्यासोबत एक वही असावी. अपघातात सापडलेली सीट बाहेरून धड दिसली तरी पुन्हा वापरायची नसते, आणि तिच्यावर उत्पादकाने लिहिलेली मुदतही पाहायची असते. आखाती देशांत नोकरी करणारे नातेवाईक सुट्टीत येताना वापरलेली सीट आणतात, ही आपल्या भागातली नेहमीची गोष्ट आहे. ती भेट नाकारून त्यांचा अवमान करू नये, पण मान्यतेची चिठ्ठी, मुदत आणि अपघाताचा इतिहास या तीन गोष्टी शांतपणे विचारून घ्याव्यात.

कायद्याचा उल्लेख मी सर्वांत शेवटी करतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम १९४ ब आले. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालसुरक्षा आसन न लावता गाडी चालवल्यास १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. हा केंद्राचा कायदा आहे, त्यामुळे कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा असे काही नाही, हे सीमाभागात आवर्जून सांगावे लागते. दंडाची भीती घालून सुरुवात केली तर पालक आपल्याला पोलिसांची माणसे समजतात आणि दार लावून घेतात. सीट वस्तीत रुळू लागल्यावर मात्र वाहतूक पोलिसांना एखाद्या शाळेच्या दाराशी बोलवावे, त्यांनी गाडी थांबवावी आणि आपल्या कार्यकर्तीने तेथेच पट्टा बसवून दाखवावा. दुचाकीवरून मुलांना नेणारी घरे आपल्याकडे कितीतरी अधिक आहेत. त्यांच्यासाठी चार वर्षांवरील मुलाला हेल्मेट, आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा व ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा, शिवाय नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, असा नियम आहे. त्या कामाची आखणी वेगळी करावी, बूस्टरच्या सभेत ते मिसळू नये.

आता आपण लगेच करू शकाल असे सांगतो. आपल्या वहीतून चारचाकी असलेल्या घरांतील १५ किलोंवरील मुलांची यादी काढावी, त्यातून चारही भाषांची मिळून आठ-दहा घरे निवडावीत आणि दोन सीट फिरत्या ठेवाव्यात. प्रत्येक घरी अंगणात उभ्या असलेल्या त्यांच्याच गाडीत मुलाला आधी नुसत्या पट्ट्याने आणि मग सीटवर बसवावे, आणि पट्टा कुठे आला हे आजींच्या हाताने तपासून घ्यावे. पंधरा दिवसांनी पुन्हा जावे. त्या वेळी 'सीट वापरता का?' असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर सर्व भाषांत 'हो'च येते. 'काल बाजारात गेलात तेव्हा बाळ कुठे बसले होते?' असे मुलालाच विचारावे, आणि ते जे सांगेल ते वहीत वजनाच्या रकान्याशेजारी लिहून ठेवावे.